जिजीचं दुकान

जिजी दुकानात शिरली की कशाकडेही बघायची नाही. मान ताठ, तोंड शेठच्या गल्ल्याकडे, आणि हात मात्र आपल्या कामाला लागलेला. डाव्या अंगाला तांदळाची पोती, खांबापाशी गूळ, खांबामागे डाळींची पिंपं. मूठभर डाळ उचलायची, बोटांतून सोडायची, हात नाकाशी न्यायचा आणि तिथूनच शेठला ऐकवायचं, "शेठ, ही मागच्या वेळची नाही." सुरतेत, डिंडोलीला आमच्या सोसायटीच्या तोंडाशीच हे दुकान. बघणाऱ्याला वाटे, काय ही म्हातारीची ऐट. मलाही तसंच वाटायचं.

मी इथे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. जिजी माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. नवरा लूमवर कामाला होता, त्याच्याबरोबर ती अमळनेरकडून सुरतेला आली. तो गेला, ती राहिली. धाकटा मुलगा दिलीप इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर, सून मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. दोघं सकाळी बाहेर पडले की घर जिजीचं. घरात ती अहिराणी बोले आणि माझ्याशी, तिच्या मते, शुद्ध मराठी. नावानं हाक कधी मारली नाही, 'बाई'च म्हणायची.

एकदा गुळापाशी मी तिच्यासमोर हसत उभी राहिले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, चाचपला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पोतं समजली होती मला. बाहेर पायरीवर बसून मग खालच्या आवाजात म्हणाली, "शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू शे. एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो. कोणाला बोलू नको, बाई. दिलीपला कळलं तर गावाला धाडेल मला."

दिलीपचं तरी काय चुकत होतं? घरात गॅस, बाहेर जिना, दिवसभर जवळ कोणी नाही. तो एकदा म्हणालाही होता, "माय, डोळ्यांनी दगा दिला तर तुला गावी मोठ्या भाऊकडेच राहावं लागेल." तिला ते मरणासारखं वाटे. "तिथं मी पाहुणी," म्हणायची, "इथं माझ्या हातची भाकर खातात." म्हणून ती रोज दुकानात जायची. लागो न लागो, काहीतरी आणायचीच. भरली पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या बाईला आंधळी कोण म्हणेल?

आणि मेल्यांनी नेमकं तेव्हाच दुकान फोडायला काढलं. दाराशी पाटी लागली, काम चालू छे. काल साखर होती तिथे आज फरशांचा ढीग. मीठ शोधायला जावं तर फिनेल हाती लागे, आणि तेही सिमेंटच्या धुळीनं माखलेलं. धड दोन डोळ्यांची मी, हिंगाच्या डबीसाठी सगळ्या दुकानाला प्रदक्षिणा घालून हात हलवत घरी यायची. शेठला विचारलं तर म्हणे, "बेन, थोडा दहाडा सहन करो, पछी मॉल जेवुं थई जशे." थोडे दिवस कळ काढायची, मग म्हणे मॉलसारखं होणार. कोणी मागितला होता मॉल?

पहिल्या दिवशी जिजी सवयीनं शिरली, डावा हात पुढे केला आणि तो प्लायवूडवर आपटला. दुसऱ्या दिवशी तर दारच दुसरीकडे नेलेलं. जुन्या दाराला लावलेली हिरवी जाळी चाचपत ती रस्त्यात उभी होती. मी धावत गेले, म्हटलं, "चल, मी आणून देते."

"मी काय आंधळी आहे?" चार लोकांत ती माझ्यावर खेकसली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "खांब कोणीकडे गेला गं?"

तरी हार मानेना. मजूर यायच्या आत, सकाळीच जाऊन ती फळ्या हातानं मोजून यायची, पुटपुटत पाठ करायची. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा हललेलं. "मी रोज पाठ करते आणि हे रोज पुसतात," असं म्हणून एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडली. मी म्हटलं, दिलीपला सांगून टाकू या. तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तू शिकलेली. तुला नवं पुन्हा शिकता येईल. मला या वयात नवं गाव, नवं घर पाठ होणार नाही." मग दिलीपला मी काही सांगितलं नाही. जीव नुसता तुटत होता.

तेवढ्यात श्रावण आला. खानदेशी घरात श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांचं, पुरणाचं सामान घरची मोठी बाई आणते. मी सोबत येते म्हटलं तर जिजीनं साफ नाही म्हटलं. "कानबाईचं मीच आणणार." आता दुकानात उघडी डाळ उरलीच नव्हती, सगळी बंद पाकिटात. तरी ती एकटी गेली, पिशवी भरून आली. चेहरा असा खुलला होता की मलाही वाटलं, निभावलं हिनं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच बसले होते. सुनेनं पुरणाच्या डाळीचं पाकीट फोडलं आणि तिचा हात थांबला. हरभऱ्याची नव्हे, तुरीची डाळ. गुजराती घरांत पुरण तुरीचंच करतात, पण आमच्यात, आणि तेही कानबाईला? कोणी बोलेना. त्या गप्प बसण्यावरूनच जिजीला कळलं.

"मुद्दाम आणली," ती घाईघाईनं म्हणाली. "इतकी वर्षं सुरतेत राहिलो. एकदा इथल्यासारखं करून बघू."

"कानबाईला, आत्याबाई?" सून हळूच म्हणाली.

दिलीप उठला. फोडलेलं पाकीट घेऊन तो जिजीच्या अगदी समोर उभा राहिला आणि हात पुढे केला. बोलला नाही. जिजी हसऱ्या तोंडानं दाराकडे बघत राहिली. मग पाकीट खाली ठेवून तो तिच्या पायाशी बसला, तिच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि तेव्हा कुठे तिला समजलं की तो इतका जवळ होता.

कानबाई नीट झाली. डाळ बदलून आणली, सोमवारी तापीवर विसर्जनही झालं. त्यानंतर थोरला आला आणि तिला घेऊन गेला. रिक्षात बसताना ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "दुकान पुरं झालं की मला सांग."

झालं. मॉलसारखं झालं, चकचकीत. मी फोन केला. गावी थोरल्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलंय. "खाटेपासून मोरी आणि मोरीपासून खाट," जिजी म्हणाली, "बाकी घर मला अजून सापडलं नाही. ते जाऊ दे. दारातून शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे, ते सांग." मी सांगत गेले, ती माझ्या मागून म्हणत गेली, माझ्या पहिलीतल्या पोरांसारखी. रोज फोन करायची, रोज एक ओळ वाढवायची. "सगळं पाठ झालं की दिलीपला सांगते, न्यायला ये म्हणून. दुकानात एकटी जाऊन दाखवते त्याला."

दिवाळीच्या तोंडावर शेठनं मिठाईच्या खोक्यांसाठी सगळं पुन्हा हलवलं. डाळी पार मागे, दाराशी काजूकतलीचे डोंगर. मी तिथे तेल शोधत उभी होते आणि जिजीचा फोन आला. आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. म्हणाली, "ऐक," आणि दारापासून गल्ल्यापर्यंत सगळं दुकान म्हणून दाखवलं. एकदाही अडखळली नाही.

"बरोबर ना, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.