अडतीस विहिरींचा पसारा

सुपातले तांदूळ अर्धे निवडून झाले होते. उरलेल्या अर्ध्यांत लतिकाचं लक्षच नव्हतं, कारण मांडीवर संगणकाचा लांबलचक कागद पसरला होता. रामदासपेठेतल्या तिच्या सरकारी कचेरीत संगणक येऊन वर्ष झालं होतं, आणि पंच्याऐंशी सालात तो चालवणारी बाई ही एकटीच.

काम कुहीकडच्या अडतीस विहिरींचं. तिकडेच राहणाऱ्या नत्थूने पायी फिरून, नकाशावर विहीर नेमकी कुठे पडते ते पाहून अक्षांश-रेखांश वहीत उतरवले होते. विहिरी मध्यापासून सरासरी किती दूर पसरल्या आहेत ते संगणकाने काढायचं. सगळ्या शेजारशेजारच्या गावांतल्या. आणि या शहाण्या संगणकाने फैलाव काढला तेवीस किलोमीटर!

साहेबांनी काल वही आपटली. "घरी बसून आकडे लिहिले यानं. उद्यापासून येऊ नको म्हणावं." नत्थू आठ वर्षं कचेरीच्या रोजंदारीवर. जाता जाता तो लतिकाला एवढंच म्हणाला, "बाई, मी एकेका विहिरीचं पाणी पिऊन आलो. तुमची मशीन गेली होती काय कुहीले?"

लतिकाने तीनदा पडताळून पाहिलं. वहीत २०.५९, कागदावर २०.५९. वहीत २१.०१, कागदावर २१.०१. आकडा न् आकडा जुळतो, तर मग खोटं बोलतंय तरी कोण? देवा, डोकं फुटायची वेळ आली.

"काहून वं लतिका!" देवघरातून सासूबाई, सत्यवती, कडाडल्या. "काल एकादशी झाली माह्यी, अन् तू कागद वाचून राहिली? पंचांगात द्वादशी ८.५९ पर्यंत हाय. घड्याळात पाह्य, ९.०१ झाले! पारण्याले दोन मिनिटं उशीर! तुळशीचं पान टाकून तीर्थ घेतलं मी, म्हणून निभलं. तुह्या भातावर राहिली असती तर?"

"दोन मिनिटं?" लतिका सूप खाली ठेवून उठली.

"मंग काय बेचाळीस?"

लतिकाने कपाळावर हात मारून घेतला. २०.५९ म्हणजे वीस अंश एकोणसाठ मिनिटं, आणि साठ मिनिटांचा अंश. नत्थूने टिंब देऊन लिहिलं ते नकाशावाल्यांच्या रीतीप्रमाणे. तिने जसंच्या तसं भरलं, आणि संगणकाने शंभराचा अंश धरला. दोन मिनिटांच्या अंतराचे अंशाचे बेचाळीस शतांश झाले, ते तिच्याच बोटांनी. आणि शिव्या खाल्ल्या नत्थूने!

कचेरीत जाऊन तिने सगळी मिनिटं साठाने भागली आणि पुन्हा भरली. दुपारी कागद निघाला. फैलाव दोन किलोमीटरच्या आत.

"चूक माझी, साहेब. नत्थूची नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "मग काल का नाही कळलं?"

"काल घरी द्वादशी नव्हती," लतिका वैतागून म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही, पण नत्थूला कामावर ठेवण्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली.

पण आज शनिवार. निरोप मिळाल्याशिवाय नत्थू सोमवारी कशाला येतोय? आणि दुसरं कोण जाणार आहे? घरी सुपातले तांदूळ तसेच पडले होते. त्याबद्दल सासूबाईंची बोलणी परत आल्यावर खाऊ, म्हणत तिने चिठ्ठी पर्समध्ये घातली.

आता संध्याकाळच्या एसटीने कुहीला नत्थूच्या घरी जाऊन चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची.