ओवाळणीच्या ताटातली गोळी

हिर्डोशीत आमचं घर वरच्या अंगाला. चूल आत, धुराला बाहेर पडायला वाट नाही. आमच्या शेतातलं भात-नाचणी खायलाही पुरायचं नाही, म्हणून आई दुसऱ्यांच्या लावणीला जायची. भोरच्या कॉलेजची एसटी चुकली की मी चालत सुटायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे मी मान वर करूनच सांगते.

आईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तेव्हा कामथडीचा मामा त्याच रोगावर रोज एक गोळी घेत होता. अंथरुणाला खिळलेला माणूस त्या गोळीवर पुन्हा शेतात जायला लागला होता. आईच्या गाठीचा तुकडा मात्र पुण्याच्या डॉक्टरांनी जनुकांच्या तपासणीला पाठवला आणि आम्हाला थांबायला सांगितलं. आईचा खोकला काही थांबत नव्हता.

त्यातच भाऊबीज आली, मामा-मामी घरी आले. आईनं बसूनच ओवाळलं. मामानं ताटात आपल्या गोळ्यांची पट्टी ठेवली.

"आक्का, आजपास्नं घे."

"आन् तुला रं?"

"माझ्याकडं हाय दुसरी."

मामीनं खाली घातलेली मान वर केली नाही. मी पट्टी उचलली. "रिपोर्ट आल्याबिगर द्यायची न्हाई, मामा."

"एका आईच्या पोटचे आमी. रगत एक, रोग एक, मग गोळी का येगळी?"

"डॉक्टरांना इचारलंय मी. सगळ्याच गोळ्यांना तपासणी लागत न्हाई, हिला लागते. तुमच्या गाठीत जो बदल सापडला, त्याच्यावर ही चालते. तो बदल गाठीतच झालेला, आईबापाकडनं आलेला न्हाई."

"लई शिकलीस. खोकू दे मग आईला."

"तिला बोलू नगं," आई म्हणाली. "ती म्हनती तसंच."

मामा न जेवता गेला. पट्टी मी मामीच्या पिशवीत घातली.

पुढं कळलं, पहिला तुकडा तपासणीला अपुरा पडला होता. आईला पुन्हा सुई टोचून गाठीचा तुकडा द्यावा लागला. तोवर तिला घास गिळायचाही दम उरला नव्हता. मामाकडून एक गोळी मागून आणावी, असं मला रोज वाटायचं.

शेवटी रिपोर्ट आला. आईच्या गाठीत मामासारखा बदल नव्हता. दुसरी एखादी गोळी चालेल, असाही नव्हता. डॉक्टरांनी लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं.

आई बरी होणार नाही. पण आता ती पोटभर जेवते, आडवी होऊन झोपते. चुकीच्या औषधात तिचे दिवस गेले नाहीत.