आत्याबाईंची मरणाची पुस्तके

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि अक्षरही कोंबडीने अंगण उकरल्यासारखे आहे, त्याची माफी असावी. पण मरणाची पुस्तके आमच्या आत्याबाईंइतकी पारखून घेणारी बाई अख्ख्या नागपुरात झाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून लिहिते. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. नवरा गेल्यावर प्रताप नगरच्या घरात आम्ही दोघीच उरलो. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मी मुळातच अबोल. त्या बोलत आणि मी हुं म्हणे. बायका वांगी घेतात तशा त्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मरणाची पुस्तके दाबून, उलटून, वास घेऊन बघत. वर लेखकाचा हसरा फोटो असला की पुस्तक बाद. "हा हसून राहिला. याचं कोणी गेलं नाही अजून." मग दुकानदाराला विचारत, "काय गा, यातलं खोटं निघालं म्हणून कोणी वापस आलं का?" तो म्हणे, "माताजी, वापस तो कोई नहीं आया." "मंग पक्कं हाय," म्हणून पुस्तक पिशवीत.

ही सगळी चळत बैठकीतच, टीव्हीजवळ. लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माझ्या चुलत जावेला ती वरच्या पुस्तकावरच्या सरणाच्या चित्रावर काही ठेववेना. आत्याबाई म्हणाल्या, "ठेव वं, ते काही तुझ्या पत्रिकेले खात नाही." त्यांचे डोळे अधू झाल्यापासून वाचायचे मी, एकेक अक्षर लावत. मी ओशाळले की म्हणत, "वाच हळूच. यात कायची घाई हाय?"

मग रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की यांना आता घरीच ठेवा, आवडेल ते खाऊ द्या. आत्याबाईंनी माझे तोंड पाहिले आणि ऑटो पुस्तकांच्या दुकानाकडे वळवायला लावला. तिथे दोन पुस्तके हाती घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. जाडे होते ते मेल्यावर जीव कुठे कुठे जातो याचे. त्यावर त्यांची फार दिवसांची नजर होती. बारके एका नर्सबाईने लिहिलेले, घरातले माणूस जाताना जवळच्याने काय करावे याचे. मी म्हटले, दोन्ही घ्या. "एकच. दोन घेतले तर डॉक्टरले खोटं पाडल्यासारखं होईन." खूप वेळाने त्यांनी जाडे खाली ठेवले. "हे तर मी जाऊनच पाहीन. बारकं घे. तुले लागन. तू भेकड हायस."

लागले. पुस्तकात होते की ओठ ओल्या कापसाने टिपावेत, आणि ऐकू येणे सगळ्यात शेवटी जाते, म्हणून बोलत राहावे. मी त्यांचा हात धरून दुपारभर बोलले: दूधवाल्याविषयी, माझ्या माहेरच्या विहिरीविषयी, कोणाला कधी न सांगितलेलेसुद्धा. आयुष्यात इतकी मी कोणाशी बोलले नव्हते. भीती वाटली नाही.

अजून संध्याकाळी मेथी निवडताना त्यांच्या खुर्चीकडे बघून थोडे बोलते. कधी थांबायचे, ते नर्सबाईंनी लिहिलेले नाही.