घसा झोपत नाही

अमळनेरच्या दवाखान्यात गाईला टाके घालत असताना पिंप्राळ्याहून काकूंचा, नानांच्या बायकोचा, फोन आला. "नाना गेले गं..." एवढंच त्या म्हणाल्या. मी टाके पूर्ण केले. काम अर्धवट सोडलेलं नानांना खपलं नसतं. मग बाहेर पायरीवर येऊन बसले. त्याला आता महिना झाला.

नाना म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातले जुने जनावरांचे डॉक्टर. शिक्षण संपवून मी त्यांच्या हाताखाली गेले, त्या पहिल्याच महिन्यात धुळ्याकडची एक गोधड्या शिवणारी अक्का आपला कुत्रा घेऊन आली. दोऱ्यासकट सुई गिळलेली, घशात रुतलेली. नानांनी त्याला भूल देऊन चिमटा माझ्या हाती दिला. मी घाईने तो आत सरकवला आणि कुत्र्याचा श्वासच थांबला. ठोके मंदावत गेले... मग ऐकूच येईनात.

"हात काढ," नाना शांतपणे म्हणाले आणि त्याची छाती दाबू लागले.

दारातून अक्का विचारत होती, "डॉक्टर, मन्हा मोती जित्ता शे ना?"

"शे, अक्का," नाना म्हणाले. आणि खरंच, जरा वेळाने एक ठोका आला... मग दुसरा. त्यांनी घशात बधिर करणाऱ्या औषधाचे थेंब सोडले, थोडं थांबले आणि चिमटा पुन्हा माझ्यापुढे धरला. मी नकारार्थी मान हलवली.

"आज सोडलास तर कायमचा सोडशील."

मी चिमटा घेतला, सावकाश आत नेला आणि सुई निघाली. नंतर चहा पिताना ते म्हणाले, "सगळं अंग झोपलं तरी घशातली नस पहारा सोडत नाही. फुप्फुसात भलतंच काही शिरेल म्हणून ती श्वास रोखते, हृदयालाही आवरते. जीव वाचवायलाच करते बिचारी. आपण तिला विचारून आत जायचं."

गेल्या वर्षी नानांच्याच घशात गाठ निघाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते हसत म्हणाले, "सांभाळून बरं का, माझाही घसा जागा असतो." शस्त्रक्रियेत जीव वाचला, पण आवाज गेला. शेवटच्या भेटीत त्यांनी कागदावर लिहिलं, 'जनावरं माझ्या आवाजाने शांत व्हायची.'

परवा पिंप्राळ्याला गेले. दवाखान्याच्या दारामागे त्यांचा पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून टांगलेला होता. "कुणाला द्यावा तेच कळत नाही," काकू म्हणाल्या. तेवढ्यात बाहेर कुणीतरी शेळी घेऊन आलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोट चढवला, लांब पडणाऱ्या बाह्या दोनदा दुमडल्या आणि बाहेर गेले.