ओंजळभर तूर आणि माझं तोंड

वहिनीची पोती नापास झाली ती माझ्या तोंडामुळे. तुरीचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण तिला नापास करणाऱ्यांचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

वहिनी दर्यापूरजवळ आमची शेती बघते. मी निवृत्त होऊन अमरावतीत बसलोय आणि तिथून तिला सल्ले देतो. अकोल्याच्या एका डाळ कंपनीची योजना माझ्या कानावर आली. पाकिटावरचा कोड मोबाइलनं स्कॅन केला की डाळ कुणाच्या शेतातली ते दिसणार, शेतकऱ्याच्या फोटोसकट. मी तडकाफडकी वहिनीचं नाव नोंदवलं. फोटोसाठी तिला बांधावर उभं केलं, तर बाई काही केल्या हसेना. मी मागे सरकत सरकत सरीत बुडावर आपटलो, तेव्हा कुठे हसली. फोटो झकास आला.

माल न्यायच्या दिवशी कंपनीचा तपासनीस आला. पोत्यांना कोडच्या चिठ्ठ्या लागल्या. तेवढ्यात शेजारची काकू पदरात तूर घेऊन आली आणि प्रत्येक पोत्यात एकेक ओंजळ टाकून गेली. आमच्या आळीत ही रीतच आहे. माल घरातून निघाला की शेजारीण आपल्या घरचं थोडं त्यात टाकते. पोतं एकटं जाऊ नये म्हणून. काकूचा माल निघतो तेव्हा वहिनी टाकते.

तपासनीस मोबाइलवर बोलत पाठमोरा उभा होता. त्याला काही दिसलं नव्हतं. पण मला राहवतंय थोडंच!

"साहेब, याचा व्हिडिओ घ्या! असा शेजार तुम्हाला शहरात दिसायचा नाही."

"म्हणजे ही तूर दुसऱ्या शेतातली?"

"ओंजळभरच!"

"कुठल्या पोत्यात?"

"सगळ्याच!" मी छाती फुगवून सांगितलं.

त्यानं एकेक चिठ्ठी फाडून काढली. "मिक्स माल. रिजेक्ट." गाडी रिकामी गेली.

काकू बिचारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आपली तूर शोधायला लागली. वहिनीनं तिचा हात धरला. "राहू द्या वं काकू. कोनती तुमची अन् कोनती माही, तुरीले तरी मालूम हाये काय?" मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमाले कोनं विचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी तणतणत अकोल्याला गेलो. कंपनीच्या गिरणीत बघतो तर जमिनीत एक भला मोठा हौद, आणि त्यात ट्रकमागून ट्रक रिकामे होतायत. कुठली तूर कुणाची, काही पत्ता नाही. मी अधिकाऱ्याला गाठलं.

"हे काय चाललंय?"

"काका, हे ब्लेंडिंग. शास्त्रशुद्ध असतं."

"अन् आमच्या काकूची ओंजळ?"

"ती भेसळ."

वर्षभर खपून तूर पिकवणाऱ्या बाईला भेसळवाली म्हणायचं, आणि तेही हौदाच्या काठावर उभं राहून! मी ताडकन निघालो, तो चुकीच्या दारातून टरफलांच्या खोलीत. परत त्याच्याच टेबलासमोरून यावं लागलं, डोक्यावर कोंडा घेऊन. त्यानं अदबीनं रुमाल पुढे केला. त्या रुमालाचा राग वेगळा.

वहिनीनं ती तूर दर्यापूरच्या बाजारात विकली. मी समजलो, विषय संपला. काही महिन्यांनी अमरावतीच्या दुकानात त्या कंपनीचं पाकीट दिसलं. उगाच स्कॅन केलं, तर बांधावर वहिनी हसतेय! खाली लिहिलेलं: 'याच ताईंच्या शेतातून थेट तुमच्या ताटात.' मी दुकानातच असा ओरडलो, की दुकानदारानं आधी गल्ला बंद केला.

पाकीट घेऊन गावी गेलो. वहिनीनं मोबाइल हातात घेतला आणि स्वतःचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"माही तूर चालत नाई त्याईले, अन् माहं तोंड चालते?"

या वेळी अकोल्याला ती स्वतः आली. मला एकच अट: "तुमी बोलाचं नाई."

तिनं पाकीट त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं. "एक तं पुढच्या सालची माही तूर घ्या, नाई तं माहा फोटो काढून टाका."

"ताई, फोटो फक्त प्रातिनिधिक असतो."

"मंग तुमच्या बायकोचा लावा ना."

मी ओठ आवळून धरले होते. हसू नाकातून बाहेर आलं. फोटो आमच्यासमोरच काढून टाकला गेला. तूर घ्यायचं मात्र कबूल केलं नाही. आता त्या जागी नुसतं हिरवं शेत दिसतं, माणसाशिवायचं. 'याच शेतातून' हे शब्द तसेच आहेत आणि पाकिटं खपतायत. मी अजून दुकानादुकानांत स्कॅन करून भांडतो. दोन दुकानदारांनी मला बघून शटर ओढायला सुरुवात केली आहे.

यंदा वहिनीची पोती पुन्हा दर्यापूरच्या बाजाराला निघाली. काकू पदर सावरत आली, पण मला बघून दारातच थबकली. वहिनीनं तिला आत ओढलं आणि तिच्या पदरातली एक ओंजळ माझ्या हातात ओतली.

"टाका भाऊजी. अन् कोनाले सांगू नका."

मी टाकली. आणि हे बघा, सांगून बसलो.