रावणासाठी पेरलेली भुकटी

श्रीवर्धनच्या वरच्या अंगाला आमचं गाव. शिमग्यात नमनाचा खेळ व्हायचा, आणि त्यातला रावण म्हणजे आमच्या ठमाआत्याचे यजमान, भागोजीमामा. रावण येताना बाकीची गावं मशालीवर राळ फेकायची. राळ कसली, नुसता धूर! आमच्याकडे आत्याने जमवलेली पिवळी भुकटी असायची. चिमूटभर टाकली की भपकन जाळ, आणि धूर नावाला नाही.

ही भुकटी एका रानवेलीची. दाट झाडांखाली, ओल्या पाचोळ्यात ती सरपटते. पानं बारीक खवल्यांसारखी. तिला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पावसाळा सरला की बोटाएवढे कोंब उभे राहतात. ते पिकले की आत्या फडक्यावर झटकायची.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली कोळशासाठी उतारावरची झाडं तुटली. जमिनीला ऊन लागलं आणि वेल होरपळली. शिमग्याला राळ आणावी लागली. ऐन आरोळीच्या वेळी मामांना ठसका लागला आणि सगळं गाव खो खो हसलं. मामांनी रावणाची तोंडं माळ्यावर टाकली. आत्याची भुकटी मिळेल तेव्हाच बांधीन म्हणाले. माणूस रुसला तो रुसलाच! दर शिमग्याला भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि आत्याचा जीव तुटायचा.

तिने वेलीचा वाचलेला तुकडा आणून परसात लावला, वर वांग्याला घालतात तसं शेणखत घातलं. तो कुजून गेला. मग डब्याच्या तळाशी उरलेली, खेळाला न पुरणारी मूठभर भुकटी घेऊन ती देवराहाटीत, देवीच्या राखीव रानात गेली. तिथल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही, म्हणजे सावली टिकणार. इथे पेरू का, आणि पेरलेलं नेऊ का, असा देवीला कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. तिने झऱ्याकाठचा पाचोळा सारून भुकटी पेरली.

पुढे काहीच नाही. लोक तिला विचारायचे, कापणीला कधी येऊ? मला एकेकाचे कान उपटावेसे वाटायचे. अहो, ही भुकटी मातीखाली, अंधारात, बुरशीच्या आधाराने वर्षानुवर्षं वाढते! अर्थात हे तेव्हा आत्यालाही ठाऊक नव्हतं. ती आपली जाऊन बघायची, पुन्हा बघायची.

तिची लेक रतन पेरणीच्या साली पाळण्यात होती. ती शेळ्या राखायला लागली तेव्हा कुठे पाचोळ्यातून हिरवं वर आलं. कोंबांसाठी आणखी थांबावं लागलं.

त्या शिमग्याला, तिन्हीसांजेला, केस पिकलेल्या मामांनी तोंडं बांधली. मशालीवर भुकटी पडली. भप्प! सगळं अंगण पिवळं झालं. आता आरोळी यायची. पण त्या काळी चारचौघांत बायकोशी बोलायचीही चोरी असताना, रावण दहाही तोंडांनी बायकांच्या घोळक्याकडे वळला.

"ठमे, उगवलं गं तुझं!"

आत्याने पदर तोंडावर घेतला. हसत होती की रडत होती, कोण जाणे. रावण मात्र आरोळी विसरला होता, आणि त्याला कुणी आठवण करून दिली नाही.