मोहा, मांगं सर

माझ्या नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नाच्या वेळी जावांनी दार अडवलं म्हणून उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे मानत. माझी सासू तर त्यातली पुढची पायरी. सासऱ्यांच्या नावात एक वार यायचा, म्हणून आठवड्यातल्या त्या दिवसाला ती जन्मभर 'बाजाराचा दुसरा दिवस' म्हणत आली. बाजाराचा वार बदलला तेव्हा घरात केवढा गोंधळ झाला होता!

आमचं गाव देवरीच्या बाजूला, जंगलाला लागून. तो भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण गावातली शाळा अजून एका गोठ्याला लागून असलेल्या मांडवात भरायची. पाऊस आला की मुलं घरी आणि बैल शाळेत, असा कारभार. मग पक्की शाळा बांधायचं ठरलं. सामान सरकारचं, हात गावाचे. गोंदियाहून एक मिस्त्री आला. सदा तोंडात पान, बोलणं हिंदी, जीभ फटकळ, पण भिंत अशी सरळ उचलायचा की बघत राहावं. आम्ही बायका रेजा झालो, म्हणजे डोक्यावर घमेली घेऊन चुना आणि विटा वाहणाऱ्या. सासूही आमच्यात होती, त्यामुळे माझा पदर दिवसभर डोळ्यांपर्यंत.

भिंतीलगत उभं राहून काम करायला बांबूंची परांची बांधायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. बांबूवर त्यांचा भारी जीव, आणि स्वतःची तारीफ करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचे, मग बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, चिखलात बुडवून ठेवायचे, म्हणजे त्यांना घुण लागत नाही. मिस्त्रीला तेवढा धीर कुठला! तो म्हणाला, "अरे भाई, परांची बांधनी है, बांस की शादी नहीं करनी." हे म्हणाले, "मंग तुमीच चढा कवळ्या बांबूवर. आमी खालून पाहतो." मिस्त्री हसला आणि बांबू बोडीतून निघेपर्यंत थांबला. रोज सकाळी कोणी वर चढायच्या आधी हे एकेका आडव्या बांबूला लोंबकळून गचके द्यायचे. खालून आम्ही बायका वानर आलं म्हणून हसायचो.

अपघात झाला तो बांबूमुळे नाही. तो एका शब्दाने झाला.

माझ्या शेजारणीचा नवरा परांचीच्या टोकाला उभा राहून विटा लावत होता. त्याच्या मागे रचलेली विटांची चळत घसरायला लागली होती. शेजारणीने खालून ते पाहिलं आणि जीव तोडून ओरडली, "अजी, सरका!" आता परांचीवरचा प्रत्येक पुरुष कोणाचा ना कोणाचा 'अजी' होता. सगळ्यांना वाटलं आपल्यालाच हाक आली, म्हणून सगळेच सरकले, आणि एकाच बाजूला सरकले. त्या बाजूचा दोराचा बांध तुटला, फळ्या कलंडल्या. बाकीच्यांनी भिंत धरली. टोकाला होता तो एकटा खाली विटांवर पडला. ज्याला वाचवायला हाक मारली, तोच पडला.

त्याची मांडी मोडली. बैलगाडीत घालून त्याला देवरीला नेलं. जीव वाचला, पण तो पुढे कायम लंगडतच चालला. शेजारीण जमिनीवर बसून एकच बोलत होती, "मी त्यायलेच म्हटलं होतं व माय, मी त्यायलेच म्हटलं होतं."

काम बंद पडलं. कोणी म्हणालं, जागा बोकड मागते. मिस्त्री म्हणाला, दोर कच्चा होता. यांनी तुटलेला बांध पुन्हा पुन्हा पाहिला. सगळी माणसं एका कोपऱ्यात आली, तर कोणता बांध टिकणार? त्या दिवशी ताट पुढे आलं तरी ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "उद्या माह्या डोक्यावर काही पडून राहिलं असन, त तू काय म्हणशील?"

मी ताटात आणखी भात वाढला.

"नाव घेशील?"

"माही जीभ झडन," मी म्हटलं.

"मंग मी मरन," ते म्हणाले आणि ताट सारून उठले.

काम बंद होतं, तरी त्या क्षणापासून माझा सगळा जीव त्या परांचीवर होता. वर नवरा, खाली मी, आणि मधे हाकेला नाव नाही.

काम पुन्हा सुरू व्हायच्या आधी यांनी सगळ्यांना चुन्याच्या ढिगाजवळ गोळा केलं आणि सांगितलं, "आजपासून कामावर अजी-बिजी बंद. हाक माराची त नावानं. ज्याचं नाव त्यानंच वळाचं, बाकीच्यायनं जागचं हालाचं नाही." बायकांनी तोंडाला पदर लावले. सासू कडाडली, "तुले सोताचं आयुष्य जड झालं काऊन रे?" मिस्त्रीने तोड काढली, "सबको नंबर दे दो." त्यावर पुरुष चिडले, आम्ही काय कैदी आहोत?

जंगलातून लाकूड आणून देणारा एक म्हातारा गोंड तिथे बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "झाडाइचे नावं द्या ना. झाडाचं नाव घेतल्यानं कोनी मरत नाही. फक्त साजाचं झाड नोका देऊ, साजात आमचा देव राहते."

बायकांनीच नावं ठेवायची असं ठरलं, आणि मग काय विचारता! एकीने तेंदू घेतला, एकीने चारोळीचं झाड, चार. ज्याच्या डोक्यावर एक केस नव्हता त्याला बायकोने बेल करून टाकलं. मिस्त्रीची बायको गोंदियाला, त्याला हाक मारणार कोण? पण त्याने स्वतःच सागवान पटकावला. नाव मोठं, लक्षण खोटं, म्हणून बायका त्याला चिडवत राहिल्या.

माझी पाळी आली. मोह गळायचे दिवस होते. पहाटे आम्ही मोहफुलं वेचून तशाच कामावर यायचो, हाताला तो गोड वास दिवसभर राहायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोहा."

सगळ्या खिदळल्या. "मोहा त डोक्यात चढते वो!" सासू पुटपुटली, "आज मोहा म्हणते, उद्या दारू म्हणन." हे मात्र कमरेवर हात ठेवून ऐटीत उभे होते, जणू मी त्यांना राजाच केलं होतं.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. झाडाला कोणी अहो-जाहो करत नाही. सासूच्या देखत, भर गावात, मी माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करू लागले आणि मला कोणी अडवू शकेना! "मोहा, फळी पाह्य." "मोहा, डोक्याले फडकं बांध, ऊन लागून राहिलं." कारण असो नसो, हाक मारायची. वरून लगेच "हो" यायचा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख कोणतं, असं कोणी विचारलं तर मी तो 'हो' सांगेन. त्यासाठी अजून जीव तुटतो.

शाळेवर मयाल चढवायचा दिवस आला. मयाल म्हणजे छपराचा सगळा भार घेणारं मोठं लाकूड. दोन बाजूंनी दोर लावून ते वर ओढत होते. एका बाजूचा दोर घसरला आणि मयालाचं टोक फिरलं. यांचं तिकडे लक्ष नव्हतं. खाली वाकून कोणाला तरी शहाणपण शिकवणं चाललं होतं, दुसरं काय!

"मोहा, मांगं सर!"

त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, नुसते मागे सरले. बाकीचे होते तिथे खांबासारखे उभे राहिले. ते टोक यांच्या छातीसमोरून गेलं आणि भिंतीवर आदळलं. विटांचे कपचे उडाले. परांची हलली नाही.

सासूच्या डोक्यावरचं घमेलं खाली पडलं होतं. सगळ्या चुन्यात भरलेली ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हाक मारत जा वो त्याले. मोठ्यानं मारत जा." आणि ती रडायला लागली.

पावसाआधी शाळेच्या छपरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, चढली. यांनी परांचीचा एकही दोर कापू दिला नाही, सगळ्या गाठी हाताने सोडवल्या. चांगले बांबू पुढच्या कामासाठी ठेवले, चिरलेल्यांचं शाळेला कुंपण झालं. पुढे ते दरेकसा गावाच्या बाजूला कामाला गेले, आणखी कुठे कुठे गेले. जिथे परांची बांधली तिथे आधी माणसांना झाडांची नावं दिली. नवी माणसं आली की नावं नवी, पण मोहा मात्र एकच राहिला. कामावरचं ते नाव घरात आलं ते कायमचंच. म्हातारपणी ते म्हणायचे, माझं खरं नाव मलाच आठवत नाही.

ते परांचीवरून गेले नाहीत. अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात गेले. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

मी आता नागपूरला मुलाकडे असते. समोर एक इमारत उभी राहते आहे. तिथली माणसं छत्तीसगडकडची, नवरे परांचीवर, बायका खाली. परवा एका बाईने खालून हाक मारली, "ए जी!" वर तिघा-चौघांनी एकदम माना वळवल्या. मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. झालं काही नाही, ती जेवायला बोलवत होती. मी सुनेला म्हटलं, त्या बाईला वर बोलव, तिला एक गोष्ट सांगायची आहे. सून हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी तिथेच उभी राहिले. उन्हात त्या बांबूंना पिवळा रंग चढला होता. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून मोठ्याने हाक निघाली, "मोहा!"

परांचीवरच्या एकानेही वळून पाहिलं नाही.